शिबिराची नोंदवही आणि रुग्णाचा हक्क

काही वर्षांपूर्वी आपल्या परिसरातील एका सभागृहात शालेय मुलांचे सिकलसेल तपासणी शिबिर झाले. तपासणाऱ्या डॉक्टरांमध्ये मीही होतो. सायंकाळी एका स्वयंसेवकाने नोंदवहीच्या पानांची छायाचित्रे मोबाइलवर काढून व्हॉट्सॲप गटावर पाठविली. शाळांना अहवाल लवकर मिळावेत, एवढाच त्याचा हेतू होता. आठवड्याभरात एका वाहक मुलीची आई माझ्याकडे आली. "डॉक्टरसाहेब, कार्ड आमच्या हाती येण्याआधी यादी सोयऱ्यांच्या घरी पोहोचली," ती म्हणाली. मुलीच्या थोरल्या बहिणीची ठरत आलेली सोयरीक थांबली होती.

वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तरच प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे समजावून सांगण्यासाठीच समुपदेशन असते. यादी मात्र समुपदेशनाआधीच फिरली. शिवाय आनुवंशिक आजाराची माहिती एकट्या मुलाची नसते. ती भावंडांविषयीही बोलते.

जगातही हेच घडते. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या सभागृहसमूहात २०१५–१६ मध्ये सुमारे वर्षभर प्रेक्षकांच्या बँक-कार्डांची माहिती चोरली जात होती. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईतील एका प्रयोगशाळेचे हजारो अहवाल इंटरनेटवर उघडे सापडले. त्यांत एचआयव्हीचेही होते. कार्ड बदलून मिळते. रक्ताचा अहवाल बदलून मिळत नाही.

कायदा काय म्हणतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला. पुढे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू करण्याचे ठरले आहे. कागदी वही कपाटात आहे तोवर ती या कायद्याच्या कक्षेबाहेर असते. तिचे छायाचित्र निघाले की त्यातील माहिती कक्षेत येते.

या कायद्याने बाधित व्यक्तीस मिळणारे प्रमुख हक्क असे :

१. माहिती फुटल्यास संस्थेने बाधित व्यक्तीस व डेटा संरक्षण मंडळास कळविलेच पाहिजे.

२. आपली कोणती माहिती संस्थेकडे आहे हे विचारता येते. ती दुरुस्त करून किंवा पुसून घेता येते.

३. प्रथम संस्थेकडे तक्रार करावी; समाधान न झाल्यास मंडळाकडे दाद मागता येते.

४. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आवश्यक आहे. उपचारापुरती डॉक्टरांना सवलत आहे, यादी फिरविण्यास नाही.

सुरक्षेत हयगय करणाऱ्या संस्थेस २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु तो सरकारी तिजोरीत जातो, बाधितास भरपाई मिळत नाही. भरपाईची तरतूद माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ मध्ये आहे आणि नव्या तरतुदी लागू होताच ते कलम वगळले जाणार आहे. ही उणीव समाजाने ध्यानी ठेवावी. डॉक्टरने गोपनीयता मोडल्यास २००२ च्या व्यावसायिक आचार विनियमांनुसार राज्य वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते.

आपण काय करावे?

नोंदणीच्या टेबलावर वही उघडी ठेवू नये. यादीत नावाऐवजी क्रमांक लिहावा आणि नावांची वही एकाच जबाबदार व्यक्तीकडे कुलपात असावी. अहवाल पालकांच्या हाती, समुपदेशनासह द्यावा. छायाचित्रे काढू नयेत. चूक झालीच तर ती लपवू नये. त्याच दिवशी त्या कुटुंबास सांगावी.

त्या आईला आम्ही कुणीच तसे सांगितले नव्हते. तिला ते सोयऱ्यांकडून कळले, याची खंत मला आजही आहे. पुढील शिबिराच्या तयारीत औषधांच्या यादीबरोबर कुलपाचीही आठवण ठेवावी, ही सर्व सहकाऱ्यांना नम्र विनंती.