धावणारी मेरी

मंडळी, आपल्या पेडगावात लहान मुली शेळीमागे बांधावरून कशा पळतात, ते आम्ही नेहमी पाहतो. पण मुलगी जरा मोठी झाली, की आपणच म्हणतो, "पळू नको गं, लोक काय म्हणतील!"

मुंबईची मेरी डिसोझा पळतच राहिली. १९५१ साली दिल्लीला पहिले आशियाई खेळ झाले. त्यात दोनशे मीटरच्या शर्यतीत ती तिसरी आली.

१९५२ साली तिची ऑलिंपिकसाठी निवड झाली. ऑलिंपिक म्हणजे साऱ्या जगाच्या खेळांची जत्राच. ती भरली होती दूर फिनलंड देशात, हेलसिंकी शहरी. वाटखर्चाला पैसा नव्हता. मग मित्रमंडळींनी कार्यक्रम करून पैसे जमवले. मेरी गेली, धावली. पदक मिळालं नाही. पण ऑलिंपिकमध्ये भारताच्या मुली धावल्या त्या त्याच वर्षी पहिल्यांदा. मेरी आणि बंगालची नीलिमा घोष, या त्या दोघी.

१९५४ साली मनिला शहरी चौघींची शर्यत होती. एकीने पळत जायचं आणि हातातली दांडी दुसरीला द्यायची. मेरी त्या चौघींत होती. आपला संघ पहिला आला, सोन्याचं पदक मिळालं! २०१३ साली सरकारने मेरीला ध्यानचंद पुरस्कार दिला.

मंडळी, पाय मुलीचे असतात, पण वाटखर्चाला चार हात लागतात. आपल्या गावची मुलगी पळू लागली, तर आपण तिला अडवू, की तिच्यासाठी वर्गणी काढू?