रंग माळ्यावर टाकण्याआधी

पालकहो, बोईसरच्या सोसायट्यांमधून हल्ली दोन वाक्यं फार ऐकू येतात. मुलगी वारली चित्रं छान काढते, पिशव्या-पणत्या रंगवते. एका घरात म्हणतात, "अगं, हे विकायला काढ की!" दुसऱ्या घरात म्हणतात, "नववी लागली, आता रंग माळ्यावर टाक." काळजी दोन्हीकडे आहे, पण दोघांचीही समजूत एकच: पैसा मिळाला तरच कला खरी. वारल्यांच्या या आपल्या जिल्ह्यात राहून असं म्हणावं, हे मला तरी पटत नाही.

वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक काढतात तो सवाशिणी. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ, बांबूची काडी. मधे पालघट देवी, शिवाय पंचशिऱ्या देव. या बायकांना कुणी चित्रकार म्हटलं नाही, भिंतीवर त्यांची सही नाही. पण चौक चुकला तर चालत नाही! धंदा नव्हता म्हणून हात कच्चा राहिला, असं कुणी म्हणून दाखवावं.

मग गंजाडचे जिव्या सोमा म्हसे आले. लहानपणी आई गेली, बोलणं तुटलं, तेव्हा हा मुलगा मातीत चित्रं काढून मनातलं सांगायचा. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी पाड्यांवर कागद नि रंग घेऊन पोचले. म्हसे लग्नाची वाट न पाहता चित्रं काढू लागले, रोज. मासेमारी, शेतं, मुंग्या, आगगाडी. 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, 1989 मध्ये पॅरिसच्या एका प्रदर्शनात चित्रं, 2011 मध्ये पद्मश्री. 2018 मध्ये ते गेले. सवाशिणींपेक्षा त्यांचा हात सरस होता म्हणून ते व्यावसायिक झाले, असं मला वाटत नाही. फरक त्या 'रोज' या शब्दात आहे.

हे तारापूर एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. आज मन नाही म्हणून कुणी सेकंड शिफ्ट चुकवत नाही. कलेच्या धंद्यातही तेच. ठरल्या तारखेला माल द्यायचा, गिऱ्हाईकाला हवा तोच रंग लावायचा, तोच तारपा वाजवणारा माणूस पुन्हा पुन्हा काढायचा, वर पैशांसाठी चार फोन करायचे. बारा-तेरा वर्षांच्या पोरीला दिवाळीच्या ऑर्डरी घेऊन दिल्या की ती खपेल तेवढंच काढू लागते. नवं काही करून बघणं, बिघडवणं, फाडणं, पुन्हा काढणं बंद पडतं. या वयात खरी कमाई तीच असते. दिवसभर प्लांटवर राबून रात्री भजनात पखवाज वाजवणाऱ्या बाबांना कुणी विचारतं का, यातून सुटतं काय?

आणखी एक गोष्ट आहे, जरा अवघड आहे पण बोलायला हवी. वारली चित्रकलेला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. डहाणू, जव्हार, विक्रमगडच्या कितीतरी घरांची चूल या चित्रांवर पेटते. आपण हौस म्हणून रंगवलेली पिशवी पडेल त्या किमतीला दिली, तर आपलं काही बिघडत नाही. त्यांचा भाव मात्र पडतो. लेकीने वारली शिकावं, जरूर शिकावं, भेट म्हणून वाटावं. विकायचंच असेल तर स्वतःचं काहीतरी शोधून विकावं.

आता समजा, तिला खरंच यातच पुढे जायचंय. मग "बघू, एखादा क्लास लाव" इतक्यावर भागत नाही. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा बहुतेक घरांत दहावीच्या वाढीव गुणांपुरती दिली जाते. इथे तसं नको. बारावीनंतर कलाशिक्षणाची सीईटी असते, त्यात चित्रकलेचे प्रत्यक्ष पेपर असतात, त्यांच्या तयारीला वर्ष-दोन वर्षं लागतात. इंजिनिअरिंगच्या क्लासला जितके पैसे आणि जितका वेळ दिला असता, तितका इथेही द्या. मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात जायचं तर डहाणू लोकलचा प्रवास आलाच, त्याचाही हिशेब आधी करा.

त्याआधी एका रविवारी तिला डहाणूकडच्या एखाद्या वारली चित्रकाराच्या घरी न्या. चित्राला किती दिवस लागले, मधला दलाल किती घेतो, पावसाळ्यात काय करता, हे तिलाच विचारू द्या. एखादं चित्र सांगितलेल्या दरात विकत घ्या. दर ऐकून "एवढे?" तोंडावर आलं, तर तिच्यासमोर गिळून टाका, उद्या तिचं गिऱ्हाईकही तिला हेच विचारणार आहे.