ठणठणीत माणसांचा डॉक्टर

प्रश्न : अंतराळवीर म्हणून निवडतात तीच माणसं मुळात धडधाकट असतात. मग त्यांच्यामागे डॉक्टरांचा एवढा ताफा कशासाठी? आणि माणूस वर गेलाच नव्हता त्या काळात हे डॉक्टर नेमकं काय शिकून आले होते? माझी नात वैद्यकीय शाखेला आहे. तिने विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही.
— एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : बाई, तुमच्या नातीने अगदी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. आपल्या ओळखीचा डॉक्टर आजारी माणसाला तपासतो, पण ज्या जगात तपासतो ते जग नेहमीचंच असतं. इथे सगळं उलटं आहे. माणूस ठणठणीत आणि जागा अशी, की तिथे रक्त खाली उतरत नाही, घाम ओघळत नाही आणि सर्दी झाली तर नाकातलं पाणीसुद्धा वाहत नाही. अशा ठिकाणी निरोगी शरीर काय करील हे १९६१च्या आधी कुणालाच सांगता येत नव्हतं. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर असं, की ते अंतराळाबद्दल काहीच शिकून आले नव्हते. ते विमानांचं वैद्यक शिकले होते आणि पुढचं उड्डाणागणिक शिकत गेले.

यातला एकच माणूस घेऊन सांगतो, म्हणजे नातीला चित्र दिसेल. डॉ. चार्ल्स बेरी. जन्म १९२३, अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातला. कॅलिफोर्नियात वैद्यकीचं शिक्षण घेतलं, तिथेच छोट्या गावांतून तीनेक वर्षं साधी प्रॅक्टिस केली. मुलांचे ताप, बाळंतपणं, पडझडीच्या जखमा, सगळं. १९५१ साली ते हवाई दलात गेले. हार्वर्डला सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन सॅन अँटोनियोच्या हवाई वैद्यक विद्यालयात शिकवू लागले. (आपल्या हवाई दलाची अशीच संस्था बंगळुरूला १९५७ साली सुरू झाली. गगनयानच्या उमेदवारांची पहिली निवड-तपासणी २०१९ साली तिथेच झाली. नातीला पुढे या वाटेने जायचं असेल तर तिने तिथली माहिती जरूर काढावी.) पहिल्या सात अमेरिकी अंतराळवीरांच्या निवडीत बेरींचा सहभाग होता. १९६२ साली ते नासात आले आणि जेमिनी व अपोलो या दोन्ही मोहिमांच्या काळात ह्यूस्टनच्या वैद्यकीय कामाची सूत्रं त्यांच्या हाती राहिली.

तेव्हाच्या शंका आज ऐकल्या तर नवल वाटेल. वजनच नसेल तर घास घशाखाली उतरेल का? नजर एका जागी स्थिर राहील का? एकटेपणाने माणूस भ्रमिष्ट होईल का? ३१ जानेवारी १९६१ला हॅम नावाच्या चिंपांझीला वर पाठवलं ते यासाठीच. तो साडेसोळा मिनिटं उड्डाणात होता, शिकवल्याप्रमाणे खटके दाबत राहिला आणि सुखरूप परतला. ५ मेला अंतराळवीर ॲलन शेपर्ड गेले. छातीवर हृदयाचे ठोके टिपणाऱ्या तारा, शरीराचं तापमान कळावं म्हणून आणखी एक तार, सगळा जामानिमा झाला होता. उड्डाण मात्र पंधरा मिनिटांचं, म्हणून लघवीची सोय कुणी केलीच नव्हती. यान सुटायला काही तास उशीर झाला आणि शेपर्डना पोशाखातच मोकळं व्हावं लागलं. तारांत बिघाड होऊ नये म्हणून आधी त्यांचा वीजपुरवठा बंद करावा लागला. घशाची, डोळ्यांची, मनाची काळजी करणाऱ्यांना मूत्राशय आठवलं नव्हतं. मला ही गोष्ट लाजिरवाणी वाटत नाही. नव्या शास्त्राची सुरुवात अशीच असते, मोठ्या भीतीपायी जवळची गरज विसरते.

भीती मात्र अगदीच खोटी नव्हती. सोव्हिएत अंतराळवीर गेरमान तितोव ऑगस्ट १९६१मध्ये दिवसभर वर राहिले आणि त्यांना मळमळू लागलं. मे १९६३मध्ये गॉर्डन कूपर ३४ तासांनी परतले. जहाजाच्या डेकवर उभे राहताच त्यांना घेरी आल्यासारखं झालं, रक्तदाब घसरला. वजनरहित अवस्थेत रक्त छातीकडे आणि डोक्याकडे सरकतं. पाणी जास्त झालं असं समजून शरीर ते बाहेर टाकतं. माणूस पुन्हा जमिनीवर उभा राहतो तेव्हा रक्त पायांत उतरतं आणि मेंदूला कमी पडतं. ३४ तासांत एवढं, तर चंद्रावर जाऊन यायला लागणाऱ्या आठ दिवसांत काय होईल? परत येऊन माणूस उभा तरी राहील का?

बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेली वाट मला फार शहाणपणाची वाटते. एकदम उडी मारायची नाही. दर वेळी साधारण दुप्पट मुक्काम करायचा, परतलेल्या माणसाला तपासायचं आणि मगच पुढे जायचं. १९६५ या एका वर्षात जेमिनी-४ चार दिवस राहिलं, जेमिनी-५ आठ दिवस आणि डिसेंबरात जेमिनी-७ जवळजवळ चौदा दिवस. चौदा दिवस फ्रँक बोरमन आणि जिम लोव्हेल मोटारीच्या पुढच्या दोन आसनांएवढ्या जागेत बसून होते. काय खाल्लं, किती प्यालं, शरीराबाहेर काय गेलं, सगळं मोजलं जात होतं. लोव्हेलच्या मांड्यांना ठरावीक वेळाने फुगणारे पट्टे बांधले होते. बोरमनच्या डोक्याला झोप टिपणाऱ्या तारा होत्या. दोघे परतले, जहाजावर आपल्या पायांनी चालले आणि चंद्राची वैद्यकीय वाट मोकळी झाली.

आता मला जे महत्त्वाचं वाटतं त्याकडे वळतो. तारांनी बांधलेला हा माणूस पेशंट, की प्रयोगाचा विषय? आणि डॉक्टर त्याचा, की मोहिमेचा?

प्रश्न उगाच उकरून काढलेला नाही. अंतराळवैद्यकाचे जनक म्हणून अमेरिकेत ज्यांचा गौरव झाला ते ह्युबर्टस स्ट्रुगहोल्ड युद्धाआधी आणि युद्धकाळात बर्लिनमध्ये जर्मन हवाई दलाच्या वैद्यकीय संस्थेचे प्रमुख होते. डाखाऊच्या छळछावणीत कैद्यांना बर्फगार पाण्यात बुडवून केलेल्या प्रयोगांचा अहवाल १९४२ साली ज्या परिषदेत सादर झाला, तिथे ते हजर होते. त्यांच्या नावाचा पुरस्कार २०१३ साली बंद झाला. फार उशिरा झाला असं मी म्हणेन. या विद्येच्या मुळाशीच ही सावली आहे. म्हणूनच अंतराळवीरांच्या डॉक्टरांनी आपल्या माणसाशी कसं वागायचं, याचं मोल मला अधिक वाटतं.

वैमानिकांना फ्लाइट सर्जनची, म्हणजे त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरची, धास्ती असते आणि ती समजण्यासारखी आहे. डॉक्टरकडे गेलेला वैमानिक फार तर होता तसाच बाहेर येणार, नाहीतर उड्डाण गमावून. मग माणसं दुखणी लपवतात. डिसेंबर १९६८मध्ये अपोलो-८ चंद्राकडे निघालेलं असताना बोरमनना उलट्या आणि जुलाब झाले. यान आणि जमीन यांतला संवाद वार्ताहरांच्याही कानी जात असे, म्हणून दुखण्याची बातमी ध्वनिफितीवर नोंदवून खाली पाठवली गेली. ह्यूस्टनला ती ऐकून बेरी आणि बाकीचे सल्लामसलत करायला जमले तोवर बोरमन सावरू लागले होते. पुढल्या वर्षी अपोलो-११च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी राष्ट्राध्यक्ष निक्सन अंतराळवीरांबरोबर जेवणार होते. जंतूंची भीती बेरींनी पत्रकारांपुढे बोलून दाखवली आणि ते जेवण रद्द झालं. बोरमन यांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. चंद्रावरून परतल्यावर मात्र अपोलो-११च्या तिघांबरोबर बंद गाडीत आणि नंतर ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेत डॉ. विल्यम कार्पेंटियर हे फ्लाइट सर्जन स्वतः कोंडून घेऊन राहिले. चंद्राची काही बाधा असलीच तर ती त्यांनाही झाली असती.

अपोलो-१३ची गोष्ट तुम्ही चित्रपटात पाहिली असेल. एप्रिल १९७०मध्ये उड्डाण तोंडावर आलं असताना राखीव चमूतल्या चार्ली ड्यूकना एका ओळखीच्यांच्या मुलाकडून जर्मन गोवर झाला. मुख्य चमूतले केन मॅटिंग्ली त्यांच्या सहवासात आले होते आणि त्यांच्या रक्तात या रोगाची प्रतिकारशक्ती नव्हती. जोडीदार चंद्रावर उतरलेले आणि मॅटिंग्ली एकटे कक्षेत, तेव्हाच ताप चढला तर? डॉक्टरांनी ‘नाही’ म्हटलं आणि त्यांच्याऐवजी जॅक स्वायगर्ट गेले. मॅटिंग्लींना गोवर कधी झालाच नाही. पण म्हणून निर्णय चुकला असं मला वाटत नाही. धोका टळला म्हणजे तो नव्हता असं नसतं. त्यानंतर अपोलो-१४पासून उड्डाणाआधी २१ दिवस अंतराळवीरांच्या भेटीगाठींवर बंधन आलं. आज अंतराळवीर आधी विलगीकरणात राहतात त्या शिस्तीचं मूळ इथे आहे.

जिथे माझं मन डॉक्टरांच्या बाजूने पूर्ण जात नाही ती गोष्ट अपोलो-१५ची. ऑगस्ट १९७१. जेम्स आयर्विन आणि डेव्हिड स्कॉट चंद्रावरून वर आले. कष्ट फार झाले होते, झोप अपुरी होती, आयर्विनच्या पोशाखातली पाण्याची पिशवी चाललीच नव्हती. ह्यूस्टनच्या पडद्यावर आयर्विनच्या हृदयाचे ठोके जोडीजोडीने, वेडेवाकडे पडताना दिसले. बेरींचा हिशोब सरळ होता. पृथ्वीवर असता तर याला दाखल केलं असतं, ऑक्सिजन दिला असता, ठोक्यांवर नजर ठेवली असती. यानात शुद्ध ऑक्सिजन आहे, नजर आहे आणि वजन नसल्याने हृदयावरचा भारही कमी आहे. म्हणून विश्रांती घ्या एवढंच सांगितलं. कारण मात्र त्या दोघांना सांगितलं नाही. त्यांना ते परतल्यानंतर कळलं आणि स्कॉट यांना ते खटकलं. ते यानाचे कप्तान होते. आपल्या माणसाच्या हृदयाची खबर आपल्याला असायला हवी होती असं त्यांना वाटलं, आणि ते मला रास्त वाटतं. डॉक्टरांना ती काळजी त्यांच्या डोक्यावर टाकायची नव्हती, हेही समजतं. दोन्ही बाजूंना माणूस वाचवायचाच होता.

शरीरातलं पोटॅशियम कमी पडलं असावं असं निदान झालं. १९७२च्या अपोलो-१६मध्ये संत्र्याच्या रसातून भरपूर पोटॅशियम दिलं गेलं आणि ठोक्यांवरची औषधं पेटीत गेली. आयर्विनना पुढे १९७३ साली हृदयविकाराचा झटका आला. १९९१ साली ते त्याच दुखण्याने गेले.

बेरींनी १९७४ साली नासा सोडली आणि ह्यूस्टनलाच वैद्यकीय विद्यापीठाचं अध्यक्षपद घेतलं. २०२० साली, ९६ वर्षांचे होऊन ते वारले. त्यांच्या काळातल्या सर्वांत लांबलेल्या ‘नाही’ची हकीकत सांगून थांबतो. पहिल्या सातांपैकी डीक स्लेटन यांच्या हृदयाच्या ठोक्यांत अनियमितता आढळली होती. १९६२ साली त्यांचं उड्डाण ऐनवेळी रद्द झालं. दहा वर्षं ते जमिनीवर राहून इतरांना वर पाठवत राहिले. दारू खूप कमी केली, सिगारेट सोडली, तपासण्या चालूच ठेवल्या. १९७२ साली डॉक्टरांनी अखेर होकार दिला आणि जुलै १९७५मध्ये, वयाच्या ५१व्या वर्षी, ते अपोलो-सोयूझ मोहिमेत गेले. उतरताना यानात विषारी वायू शिरला, म्हणून त्यातल्या तिघांनाही होनोलुलूच्या रुग्णालयात ठेवलं. तिथे काढलेल्या एक्स-रेमध्ये स्लेटन यांच्या फुप्फुसावर एक डाग दिसला. शस्त्रक्रिया केली, तो निरुपद्रवी निघाला. मग उड्डाणाआधीचा एक्स-रे पुन्हा काढून पाहिला. डाग त्यातही होता. कुणाच्या लक्षात आला नव्हता. आला असता तर स्लेटन यांना पुन्हा जमिनीवरच राहावं लागलं असतं.