जमीन घेण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

निवृत्तीच्या वेळी हाती आलेली रक्कम बँकेत ठेवावी की तिच्यातून एखादा भूखंड घ्यावा, असा विचार आज गोव्यातील अनेक शिक्षक, कारकून व छोटे व्यापारी करीत असतात. त्यांपैकी बहुतेकांची ही आयुष्यातील पहिली व शेवटची मोठी खरेदी असते. अशा खरेदीदाराचा पहिला प्रश्न प्रायः दराचा असतो. वस्तुतः तो शेवटचा असावयास हवा. पहिला प्रश्न असा, की या जमिनीवर कोणाकोणाचा हक्क आहे? या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मिळण्यापूर्वी दिलेली विसाराची रक्कमही बुडण्याचा संभव असतो. बनावट दस्तऐवजांच्या आधारे जमिनी बळकावल्याच्या तक्रारींचा तपास करण्यासाठी गोवा शासनास २०२२ साली विशेष तपास पथक नेमावे लागले, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात यावे.

१. उतारा म्हणजे मालकी नव्हे

खेड्यात जमीन दाखविताना विक्रेता सर्वप्रथम ‘एक-चौदाचा उतारा’ पुढे करतो. गोवा जमीन महसूल संहिता, १९६८ अन्वये ठेवलेल्या हक्कनोंदणीचा हा उतारा होय. त्यात कब्जेदार, कूळ व इतर हक्क यांची नोंद असते. ही नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते. परंतु तिच्यामुळे मालकी उत्पन्न होत नाही. घरपट्टीची पावती अथवा बिगरशेतीची सनद यांचीही तीच गोष्ट.

मालकी सिद्ध होते ती विक्रीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र किंवा न्यायालयातील इन्व्हेंटरीचा निर्णय अशा मूळ दस्तऐवजांवरून. गोव्यात यांपैकी जुने कागद पोर्तुगीज भाषेत असतात. ते वाचता येत नाहीत म्हणून बाजूला ठेवू नयेत. जाणकाराकडून भाषांतर करून घ्यावे, आणि दाखविलेली प्रत संबंधित कार्यालयातील मूळ नोंदीशी स्वतः ताडून पाहावी. त्याचबरोबर उपनिबंधकाकडून जमीन बोजारहित असल्याचा दाखला घ्यावा.

२. सह्या किती हव्यात?

समजा, उताऱ्यावर थोरल्या मुलाचे एकट्याचे नाव आहे. वडील वारले आहेत. आई हयात आहे. दोन मुलगे व एक मुलगी, तिघेही विवाहित आहेत. अशा जमिनीच्या विक्रीखतावर किती सह्या लागतील?

गोव्यात विवाहापूर्वी वेगळा करार झाला नसेल, तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक मानली जाते. म्हणून वरील उदाहरणात निम्मी जमीन आईची स्वतःचीच आहे. वडिलांच्या उरलेल्या निम्म्या भागात तिन्ही अपत्यांचा समान वाटा, म्हणजे प्रत्येकी एक षष्ठांश. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा वाटा जात नाही. शिवाय प्रत्येक अपत्याच्या वाट्यात त्याच्या जोडीदाराचाही हक्क येतो. म्हणजे आई, तीन अपत्ये व तीन जोडीदार मिळून सात सह्या झाल्या. थोरल्या मुलाने एकट्याने सही केली, तर खरेदीदाराच्या हाती भूखंड न पडता न्यायालयातील दावा पडण्याचीच शक्यता अधिक.

वारस कोण हे ठरविण्यासाठी विशेष नोटरीपुढील वारसापत्र किंवा इन्व्हेंटरीचे कामकाज हा मार्ग आहे. त्यासंबंधीचा गोव्याचा स्वतंत्र कायदा २०१६ मध्ये अमलात आला. वारसांपैकी कोणी परदेशी असेल आणि त्याच्या वतीने मुखत्यार सही करणार असेल, तर मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती हयात असल्याची खात्री करून घ्यावी.

३. जमिनीवर कोण राहतो? कोण कसतो?

कागद पाहून झाल्यावर जमीन पायांनी पाहावी. तेथे शेत कसणारे कूळ असेल, तर कुळकायद्याच्या १९७६ च्या दुरुस्तीने त्यास मिळालेले हक्क विचारात घ्यावे लागतात. एखादे लहानसे घर असेल, तर त्यात राहणारा मुंडकार असू शकतो. १९७५ च्या कायद्याने त्यास निष्कासनापासून संरक्षण दिले आहे. उताऱ्यावर त्याचे नाव नाही म्हणून त्याचा हक्क नाही, असे समजू नये. जमीन कोमुनिदादची असल्यास खाजगी जमिनीप्रमाणे तिचा सौदा होत नाही. शेजाऱ्यांशी अर्धा तास बोलल्याने यांतील बऱ्याच गोष्टी उघड होतात.

४. घर बांधता येईल काय?

‘पुढे सनद होईल’ या आश्वासनावर पैसे गुंतवू नयेत. नगर व ग्राम नियोजन खात्याकडून त्या सर्वेक्षण क्रमांकाचा विभाग-दाखला आधी मागावा. कुळास मिळालेल्या जमिनीच्या बिगरशेती वापरास १९९१ च्या कायद्याने प्रतिबंध केला आहे; तसेच भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्यास हस्तांतरित करण्यावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध आहेत. भूखंडाकडे जाणारी वाट कोणाच्या जमिनीतून जाते, हेही नकाशावर पाहावे.

५. पैसे केव्हा द्यावेत?

केवळ कराराने वा मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही. त्यासाठी नोंदणीकृत विक्रीखतच हवे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. सदनिका घेणाऱ्याने प्रकल्प स्थावर संपदा प्राधिकरणाकडे नोंदलेला आहे काय, ते पाहावे. २०१६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत करार होण्यापूर्वी विकासकास किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. विक्रीखत झाल्यावर फेरफाराचा अर्ज करण्यास विलंब लावू नये.

उत्पन्नाचाही हिशेब मांडावा. समजा, ४० लाखांचे घर दरमहा १२,००० रुपये भाड्याने दिले. वर्षाचे भाडे १,४४,००० झाले. एक महिना घर रिकामे राहिले आणि दुरुस्ती व घरपट्टीस २२,००० गेले, तर हाती १,१०,००० उरतात. म्हणजे शेकडा पावणेतीन. कर्जाचे व्याज याहून पुष्कळ अधिक असते. भाव वाढेल या एकाच आशेवर कर्ज काढणे कितपत सुरक्षित आहे, हे ज्याने त्याने ठरवावे.

वकिलाची फी व दाखल्यांचा खर्च अनेकांस नकोसा वाटतो. परंतु आयुष्यभराच्या शिलकीपुढे तो अल्पच होय. घाई करणाऱ्या विक्रेत्यास ‘कागद पाहून सांगतो’ असे म्हणण्यात कोणताही कमीपणा नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. उताऱ्यावरील नाव व मालकी यांत फरक कोणता?
२. वरील उदाहरणात दुसरा मुलगा अविवाहित असता, तर किती सह्या लागल्या असत्या?
३. आपल्या गावातील एखाद्या भूखंडाविषयी कोणकोणत्या कार्यालयांत चौकशी करावी लागेल, याची यादी करा.