वाइल्ड कार्ड : एक शब्द, किती डाव?

'वाइल्ड कार्ड म्हणजे काय?' असं कुणी मला गेल्या सेमिस्टरच्या आधी विचारलं असतं, तर मी नुसती हसले असते. खरं तर हसलेच होते. रात्री मेसमधून आल्यावर आम्ही चौघी रमी खेळत होतो (पैसे न लावता हं, वॉर्डन मॅडमनी कृपया नोंद घ्यावी!). जोकर उलटला आणि माझ्या रूममेटने विचारलं, "अगं, याला वाइल्ड का म्हणतात? वाइल्ड म्हणजे जंगली ना?" ती मराठी माध्यमातली, मी कॉन्व्हेंटमधली. मी म्हटलं, "जंगली नाही गं, वाइल्ड कार्ड म्हणजे... वाइल्ड कार्ड!" सगळ्या हसल्या आणि विषय तिथेच संपला.

तीन आठवड्यांनी याच शब्दाने मला रडवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मिनी प्रोजेक्टचं सबमिशन होतं. लिनक्सवर सी++ मध्ये केलेलं काम होतं. फोल्डरमध्ये कंपाइल करून तयार झालेल्या डॉट ओ फाइल्सचा कचरा साठला होता. तो काढायला 'आरएम *.ओ' अशी कमांड द्यायची होती. झोपेत माझ्याकडून स्टारनंतर एक स्पेस पडली : 'आरएम * .ओ'. एंटर दाबलं. स्क्रीनवर एकच ओळ आली, की '.ओ' नावाची फाइल सापडत नाही. मला वाटलं, कमांड चुकली, काहीच झालं नाही. पण फोल्डर रिकामा होता! सोर्स कोड, रिपोर्ट, डेटा... सगळं साफ. 'नक्की का?' असं विचारलंही नाही आणि रिसायकल बिनमध्येही काही नव्हतं.

पेनड्राइव्हवर आठ दिवसांपूर्वीची कॉपी होती म्हणून वाचले. बाकीचं रात्रभर बसून पुन्हा लिहिलं. मी सांगत होते आणि टाइप करत होती तीच रूममेट. पहाटे चारला चहा पिताना ती म्हणाली, "तुला स्टार म्हणजे काय हे माहीत होतं ना?" माहीत होतं, पण कळलेलं नव्हतं. शब्द इंग्रजी असला आणि उच्चार बरोबर आला, की अर्थही आपल्याला आला असं मी धरून चालते. म्हणून या शब्दाच्या मागे लागले. जे सापडलं ते इथे मांडते.

१) पत्त्यांमध्ये

रूममेटचा प्रश्न अजिबात हसण्यासारखा नव्हता. प्रत्येक पत्त्याला एक घर असतं : बदाम, चौकट, किलवर किंवा इस्पिक. शिवाय त्याला एक आकडा किंवा चित्र असतं. 'वाइल्ड' पत्ता या घरात राहत नाही. नियमाच्या कुंपणाबाहेर गेलेला, म्हणजे एका अर्थी जंगलीच! पोकरमध्ये 'ड्यूसेस वाइल्ड' असा एक प्रकार आहे. त्यात दुर्री कुठल्याही पत्त्याची जागा घेते. आपल्या तेरा पत्त्यांच्या रमीत एक पत्ता उलटतात. सत्ता निघाली तर चारही रंगांच्या सत्त्या त्या डावापुरत्या जोकर.

गंमत म्हणजे छापील जोकर जन्मापासून असा नव्हता. १८६० च्या दशकात अमेरिकेत 'यूकर' नावाच्या खेळासाठी तो जोडला गेला, तेव्हा तो सर्वांत वरचा हुकूम होता. कुठल्याही पत्त्याची सोंगं घ्यायचं काम त्याला नंतर मिळालं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा : जोकर एका वेळी एकाच पत्त्याची जागा घेतो, आणि कुठल्या पत्त्याची ते खेळणारा ठरवतो.

२) कॉम्प्युटरमध्ये

इथेच माझा घोळ झाला. माझ्या डोक्यात स्टार म्हणजे रमीचा जोकर होता. मला हवं ते तो घेईल, असं वाटायचं. पण स्टार एकाची जागा घेत नाही. बसतील ती सगळी नावं तो एकदम घेतो, आणि तुम्हाला काय हवं होतं हे तो विचारत नाही.

लिनक्समध्ये हे काम 'आरएम' करतच नाही, शेल करतं. तुम्ही एंटर दाबलं की शेल आधी स्टारच्या जागी फोल्डरमधल्या फाइल्सची पूर्ण यादी भरतं आणि ती यादी 'आरएम'च्या हातात देतं. 'आरएम'ला बिचाऱ्याला स्टार दिसतही नाही. स्पेस पडल्यामुळे माझ्या कमांडचे दोन तुकडे झाले : एक 'सगळं' आणि दुसरा '.ओ'. पहिल्याने फोल्डर साफ केला, दुसऱ्याची फाइल नव्हती म्हणून तेवढ्यापुरती तक्रार आली. (डॉटने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइल्स स्टार सहसा घेत नाही, आणि सबफोल्डरही साध्या 'आरएम'ने जात नाहीत. तेवढीच कृपा.)

आणखी गोंधळ म्हणजे, कॉम्प्युटरमध्येही या चिन्हांचा अर्थ सगळीकडे एक नाही :

• शेलमध्ये * म्हणजे कितीही अक्षरं, अगदी शून्यसुद्धा. ? म्हणजे नेमकं एक अक्षर.
• एसक्यूएलमध्ये 'लाइक' वापरताना हीच कामं अनुक्रमे % आणि _ करतात.
• रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये एका अक्षराची जागा डॉट घेतो. तिथे * म्हणजे 'माझ्या आधीची गोष्ट शून्य किंवा अधिक वेळा'. तो एकटा काहीच नाही.
• नेटवर्किंगमध्ये 'वाइल्डकार्ड मास्क' असतो, उदा. ०.०.०.२५५. यात ० म्हणजे बिट जुळलाच पाहिजे आणि १ म्हणजे काहीही चालेल. सबनेट मास्कच्या बरोबर उलट! व्हायवात इथे हमखास दांडी उडते.

मग रमीच्या जोकरसारखं आपल्या सिलॅबसमध्ये काहीच नाही का? आहे! के-मॅपमधला 'डोंट केअर', म्हणजे तो X. ग्रुप मोठा होत असेल तर त्याला १ धरा, नसेल तर ० धरून सोडून द्या. एका जागी एकच किंमत, आणि ती ठरवणारे तुम्ही. हा अस्सल जोकर.

३) मैदानावर

टेनिसमध्ये वाइल्ड कार्ड म्हणजे रँकिंगमध्ये न बसणाऱ्या खेळाडूला आयोजकांनी दिलेला प्रवेश. २००१ साली गोरान इव्हानिसेविच जगात १२५ वा होता. विंबल्डनच्या तीन फायनल्स (१९९२, १९९४, १९९८) तो हरला होता. वाइल्ड कार्डवर आत आला आणि पाच सेट्सच्या फायनलमध्ये पॅट राफ्टरला हरवून विजेता ठरला. २००९ मध्ये आई झाल्यानंतर परतलेल्या किम क्लाइस्टर्सने वाइल्ड कार्डवरच यू. एस. ओपन जिंकली. आपली सानिया मिर्झा २००५ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनला वाइल्ड कार्डवर खेळली आणि तिसऱ्या फेरीपर्यंत पोचली. तिथे समोर सेरेना विल्यम्स होती.

वाइल्ड कार्डने फक्त दार उघडतं. आत गेल्यावर एक पॉइंटही फुकट मिळत नाही.

अमेरिकन फुटबॉलमध्ये मात्र (एनएफएल, १९७० पासून) वाइल्ड कार्ड कुणी मेहेरबानीने देत नाही. गटात पहिल्या न आलेल्या पण कामगिरी चांगली असलेल्या संघांना ते नियमाने मिळतं. शब्द तोच, पण तिथे मर्जी आणि इथे हिशेब.

४) माणसांमध्ये

'ही इज अ वाइल्ड कार्ड' म्हणजे हा काय करेल याचा नेम नाही. इथे अर्थ पुरता फिरला. रमीचा जोकर हातात असला की खेळणारा खूश असतो, कारण ठरवणारा तोच. माणूस वाइल्ड कार्ड असला की सगळे धास्तावतात, कारण ठरवणारं कुणीच नाही! निवडणुकीतला अपक्ष, बिग बॉसच्या घरात मधेच घुसणारा स्पर्धक, आणि आमच्या ग्रुपमधला सबमिशनच्या आदल्या रात्री फोन बंद ठेवणारा मेंबर... ही सगळी यातलीच मंडळी.

मराठीत काय?

मला एक शब्द मिळाला नाही, पण घरच्या पूजेच्या पोथीत 'अमुक' सापडला. संकल्पाच्या जागी 'अमुक गोत्र' असं छापलेलं असतं, आणि गुरुजी तिथे आपलं गोत्र घालतात. एका जागी एकच नाव, म्हणजे हा जोकरचा भाऊ. स्टारला मात्र मराठीत 'जे जे असेल ते ते सगळं' असंच म्हणावं लागेल. हे मला आधी मराठीत सुचलं असतं, तर त्या रात्री एंटर दाबायच्या आधी मी थांबले असते.

आता हा शब्द कुठेही दिसला की मी तीन प्रश्न विचारते : हा किती जागा भरतो? कशाने भरायच्या ते कोण ठरवतं? आणि ते कधी ठरतं? रमीत एक जागा, खेळणारा, डाव चालू असताना. शेलमध्ये बसतील तेवढ्या, शेल, कमांड चालायच्या आधी. टेनिसमध्ये एक प्रवेश, आयोजक, स्पर्धेच्या आधी. माणसाच्या बाबतीत कोण जाणे, आणि कळतं ते घडून गेल्यावर!

आणि एक सवय लावून घ्या. 'आरएम' देण्याआधी तोच पॅटर्न 'एलएस'ला देऊन बघा. जी यादी दिसेल, तीच उडणार आहे. भीती वाटत असेल तर 'आरएम'ला '-आय' लावा, म्हणजे प्रत्येक फाइलला विचारून पुसेल. आणि बॅकअप आठ दिवसांपूर्वीचा नको, आजचा ठेवा.

रमीत हातात कितीही जोकर असले, तरी एक सिक्वेन्स जोकरशिवाय लावावाच लागतो. तो लागला नाही तर बाकीचे जोकर असून नसल्यासारखे. इंग्रजी शब्दांचंही तसंच असावं. माझी रूममेट अजूनही प्रत्येक नव्या शब्दाला 'म्हणजे काय गं?' विचारते. आता मी हसत नाही. वहीत लिहून घेते.

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी