सोबत्याला अटक झाली, तर गटाने बोलावं का?

प्रश्न : मी दिवसा सुरतेच्या कापड बाजारात हिशेब लिहितो आणि रात्री मुक्त सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर करणाऱ्या स्वयंसेवकांत असतो. इथे ना पगार, ना हजेरी. कित्येकांचे चेहरेही एकमेकांनी पाहिलेले नाहीत. परवा गप्पांत विषय निघाला : उद्या आपल्यातल्या कुणाला पोलिसांनी उचललं, तर गटाने जाहीरपणे पाठीशी उभं राहावं का? काही म्हणाले, 'नाही तर गट कसला?' काही म्हणाले, 'त्याने काय केलं, आपल्याला काय ठाऊक?' कुणाचं खरं?
— एक वाचक, उधना, सुरत

उत्तर : 'आपल्याला काय ठाऊक?' हा प्रश्न टाळण्यासाठी विचारला गेला असेल. पण तो प्रामाणिकपणे विचारला, तर उत्तर त्यातच आहे. तुमच्या महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात पारखी भिंगातून पाहून हिऱ्याबद्दल छातीठोक बोलतो. हिरा घेऊन आलेला माणूस कसा आहे, असं विचारलं तर तो हात वर करतो. गटानेही तसंच करावं. जे स्वतः पाहिलं त्याची साक्ष उघडपणे द्यावी, उरलेलं न्यायालयावर सोडावं.

एप्रिल २०१७ मध्ये मॉस्कोत दिमित्री बोगातोव या गणिताच्या शिक्षकाला अटक झाली. इंटरनेटवर चिथावणीखोर मजकूर टाकल्याचा आरोप होता. तो घरून, वापरणाऱ्याची ओळख झाकणाऱ्या 'टॉर' जाळ्याचं बाहेर पडण्याचं एक दार चालवत असे. अशा दारातून कुणीही काहीही लिहिलं, तरी पत्ता दार चालवणाऱ्याचाच उमटतो. बोगातोव 'डेबियन' या स्वयंसेवकांनी उभारलेल्या लिनक्स प्रणालीसाठी काम करायचा. डेबियनने निवेदन काढून त्याच्या कामाचा गौरव केला, तो लवकर परतावा अशी आशा व्यक्त केली. त्याच वेळी प्रणालीत शिरण्याच्या त्याच्या डिजिटल किल्ल्याही काढून घेतल्या, कारण जप्त झालेल्या संगणकातून त्या कुणाच्याही हाती लागू शकत होत्या. पाठिंबा आणि खबरदारी एकाच निवेदनात होती, आणि त्यात कुणालाही विसंगती वाटण्याचं कारण नव्हतं. २०१८ मध्ये आरोप मागे घेतले गेले.

आता उलट बाजू. 'रायझर एफएस' ही लिनक्सची फाइल व्यवस्था लिहिणाऱ्या हान्स रायझरला ऑक्टोबर २००६ मध्ये कॅलिफोर्नियात पत्नीच्या खुनाच्या आरोपावरून पकडलं. एवढा हुशार प्रोग्रॅमर असं करेल कसा, असं म्हणणारे तेव्हा निघाले. २००८ मध्ये तो दोषी ठरला आणि मग मृतदेह कुठे पुरला, ती जागा त्यानेच दाखवली. कोड चोख होता, पण कोडवरून माणसाची हमी देता येत नाही.

आरोप कामाबद्दलच असेल, तर मात्र गप्प बसणं चूक. हैदराबादच्या हरिप्रसाद यांनी दोन परदेशी संशोधकांसह मतदान यंत्रातल्या त्रुटी दाखवल्या. तपासलेलं यंत्र मुंबईतल्या सरकारी कचेरीतून चोरीला गेलेलं असल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी ऑगस्ट २०१० मध्ये त्यांना पकडून मुंबईला आणलं. सहसंशोधक अॅलेक्स हाल्डरमन आणि रॉप खोंग्राइप उघडपणे त्यांच्या बाजूने बोलले. यंत्र चोरीचं होतं का, हा न्यायालयाचा प्रश्न. पण संशोधन कशासाठी होतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आपल्याकडचा जुना दाखला तर याहून नेटका आहे. १८९७ मध्ये राजद्रोहाबद्दल टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. त्यांच्या सुटकेसाठी झालेल्या अर्जात संस्कृत पंडित माक्स म्युलर होते. त्यांनी टिळकांच्या राजकारणाची वकिली केली नाही. 'ओरायन' लिहिणारा वेदांचा अभ्यासक त्यांना ठाऊक होता, त्याच नात्याने त्यांनी शब्द टाकला. सप्टेंबर १८९८ मध्ये, मुदत पुरी होण्याआधी टिळक सुटले.

म्हणजे करायचं काय? आधी घरच्यांना आणि वकिलाला विचारा. प्रेमापोटी लिहिलेली एखादी ओळ सरकारी वकिलाच्या उपयोगी पडू शकते. संविधानाच्या २२व्या अनुच्छेदानुसार अटकेचं कारण कळणं, वकिलाचा सल्ला मिळणं आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं केलं जाणं हा हक्क आहे. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. कोठडीतल्या माणसाला मोफत कायदेशीर मदतही मागता येते. एवढा आग्रह धरायला तो निर्दोष असल्याची खात्री लागत नाही. गटातले जुने संदेश घाबरून पुसू नका. पुरावा नष्ट केल्याचं बालंट निष्कारण ओढवेल. आणि वर्गणी काढायची तर वेगळी काढा. सॉफ्टवेअरसाठी आलेल्या देणग्यांना हात लावू नका.

हे सगळं आजच लिहून ठेवा, कुणाला अटक झालेली नसताना. नाहीतर लाडक्या सोबत्यासाठी पानभर निवेदन निघेल आणि नावडत्यासाठी गट 'कायदा आपलं काम करेल' म्हणेल. 'फाइल' लिहायचं की 'संचिका', यावरून जो तुमच्याशी वर्षभर भांडतोय, त्याला डोळ्यांसमोर आणा आणि त्याच्यासाठी चार ओळी लिहून पाहा. त्या जमल्या, की नियम झाला.