मंद नोंदी आणि फसवी लहर

चित्रपटात भरधाव गाडीची चाके उलटी फिरताना आपण सर्वांनी पाहिली आहेत. कॅमेरा सेकंदाला २४ चित्रे टिपतो. दोन चित्रांमधल्या अवधीत चाकाचा प्रत्येक आरा पुढच्या आऱ्याच्या जागेच्या किंचित अलीकडे पोहोचला, की चाक मागे सरकल्याचा भास होतो. मोजमापाच्या उपकरणांतही असाच भास निर्माण होतो. त्याला अॅलियासिंग म्हणतात. आपण त्याला फसवी लहर म्हणू.

क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली मांडलेला नियम असा, की संकेतातील सर्वाधिक वारंवारता नोंदींच्या दराच्या निम्म्याहून कमी असेल, तरच नोंदींवरून मूळ संकेत अचूक उभा करता येतो. यावरून विद्यार्थ्यांचा एक समज होतो: मोजायची गोष्ट संथ असेल, तर नोंदीही संथ घ्याव्यात. हा समज आपण तपासून पाहू.

पाण्याच्या टाकीचे तापमान मोजायचे आहे. ते मिनिटामिनिटाने बदलते. सेकंदाला १० नोंदी पुष्कळ झाल्या. परंतु संवेदकाच्या तारेत घरगुती विजेचा गोंगाटही मिसळलेला असतो. विजेची वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास असते, नेमकी नव्हे. ती ४९.९ हर्ट्झ झाली, की १० नोंदींच्या दराने ०.१ हर्ट्झची लहर दिसू लागते. पाणी दर दहा सेकंदांनी तापते व निवते आहे, असे आलेख सांगतो! ही लहर एकदा नोंदींत शिरली, की खऱ्या मंद बदलापासून तिला वेगळे ओळखण्याची खूण नोंदींत उरत नाही. म्हणून गोंगाट नोंदीचा दर कमी होण्यापूर्वीच गाळला पाहिजे.

रोधक व धारित्र यांची गाळणी नोंदीपूर्वी बसवता येते. पण अगदी कमी वारंवारतेवर तीव्र उतार देणाऱ्या गाळणीस मोठी धारित्रे व अनेक टप्पे लागतात, आणि तापमानानुसार त्यांची मूल्येही सरकतात. शिवाय डेल्टा-सिग्मा पद्धतीच्या अनेक उपकरणांना ठरावीक किमान दराखाली चालवताच येत नाही.

यावरचा मार्ग साधा आहे: नोंदी वेगाने घ्याव्यात, गणिताने गाळाव्यात, आणि मगच त्यांची संख्या घटवावी. सेकंदाला १००० नोंदी घेऊन प्रत्येक १०० नोंदींची सरासरी काढली, की सेकंदाला १० आकडे मिळतात. प्रत्येक सरासरी ०.१ सेकंदाची असते. तेवढ्या काळात ५० हर्ट्झच्या लहरीची बरोबर पाच आवर्तने पूर्ण होतात, आणि तिचे चढउतार एकमेकांना रद्द करतात. वारंवारता ४९.९ हर्ट्झ असली, तरी गोंगाटाचा सुमारे पाचशेवा भागच शिल्लक राहतो.

येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, हजारांतून प्रत्येक शंभरावी नोंद नुसती उचलणे म्हणजे सरासरी नव्हे; तसे केल्यास फसवी लहर पूर्वीसारखीच येते. दोन, सरासरी ही सर्वत्र चांगली गाळणी नाही. १५ हर्ट्झच्या गोंगाटाचा सुमारे पाचवा हिस्सा तीतून निसटतो आणि ५ हर्ट्झच्या रूपाने प्रकटतो. असा गोंगाट असेल, तर भारित सरासरीची अधिक काटेकोर गाळणी वापरावी. तीन, १००० हर्ट्झलगतचा गोंगाट पहिल्याच नोंदीत शिरू शकतो, म्हणून एक छोटी गाळणी अगोदर हवीच. १० किलो-ओहमचा रोधक व १ मायक्रोफॅरडचे धारित्र त्यास सुमारे साठाव्या हिश्श्यावर आणतात. उंच दरामुळे एवढी साधी जोडणी पुरते.

नोंदींचा दर ठरवताना आपण काय मोजू इच्छितो, एवढेच पाहून भागत नाही. तारेतून आणखी काय येत आहे, हेही पाहावे लागते. आलेखावर संथ, सुबक लहर दिसली, की विद्यार्थ्यांनी प्रथम नोंदींचा दर बदलून पाहावा. दराबरोबर लहरीचा वेगही बदलला, तर ती लहर पाण्याची नव्हे, आपल्या मोजण्याच्या रीतीची आहे, असे निश्चित समजावे.